समष्टिवादाची तत्त्वे आणि सोलापूरची साक्ष

सोलापूर शहराच्या मध्यभागी श्रीसिद्धेश्वराचे जे विस्तीर्ण तळे आहे, ते बाराव्या शतकात श्रीसिद्धरामेश्वरांनी आपल्या अनुयायांच्या श्रमाने खोदविले, अशी परंपरा आहे. सिद्धराम हे महात्मा बसवेश्वरांच्या काळातील शिवशरण. त्या संप्रदायात 'कायक' आणि 'दासोह' हे दोन शब्द फार मोलाचे मानले जातात. कायक म्हणजे उपजीविकेसाठी प्रामाणिकपणे केलेले श्रम, आणि दासोह म्हणजे त्या श्रमाच्या फळातून समाजाला अर्पण केलेला वाटा. पावसाचा भरवसा नाही अशा या प्रदेशात एकट्या मनुष्यास फार तर विहीर साधेल, तळे साधावयाचे नाही. तळ्यास पुष्कळ हात लागतात. आणि पुष्कळ हातांनी उभे राहिलेले काम कोणा एकाच्या नावावर चढविता येत नाही. हीच साधी गोष्ट राजकारणाच्या व अर्थकारणाच्या भाषेत मांडली, म्हणजे तिला 'समष्टिवाद' असे भारदस्त नाव प्राप्त होते.

परंतु तळ्याच्या याच दृष्टान्तात समष्टिवादाची खरी अडचणही दडलेली आहे. तळे सर्वांचे असे म्हटले तरी 'सर्व' म्हणजे कोण? महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. तथापि त्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या समाजास घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह तेथे पाणी प्राशन केले, आणि पुढे न्यायालयात तो हक्क शाबीत होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. सार्वजनिक म्हणविणारी वस्तू अशी पुष्कळदा थोड्यांचीच असते. म्हणून समष्टिवादाचा विचार करताना संपत्ती कोणाची, एवढेच विचारून भागत नाही. समष्टीत कोणाची गणना होते, आणि तिच्या नावाने बोलण्याचा अधिकार कोणास आहे, हेही विचारावे लागते. गेल्या दीडशे वर्षांत सोलापूर शहराने या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे स्वतःच्या अंगावर अनुभवली आहेत.

प्रथम तत्त्वांचा विचार. समष्टिवादाचे पहिले तत्त्व असे की, व्यक्तीचे हित समाजाच्या हितापासून तोडून काढता येत नाही. मनुष्याची भाषा, विद्या, धंदा, इतकेच नव्हे तर त्याची सुरक्षितता, ही सर्व त्याला समाजाकडून मिळालेली असतात. तेव्हा समाजाचे त्याच्यावर देणे आहे. दुसरे तत्त्व असे की, ज्या साधनांवर पुष्कळांची उपजीविका अवलंबून असते, अशी जमीन, पाणी, खाणी, कारखाने इत्यादी साधने एकाच्या मर्जीवर सोडू नयेत. त्यांवर समाजाची मालकी किंवा निदान समाजाचे नियंत्रण असावे. तिसरे तत्त्व उत्पन्नाच्या वाटपाचे. जे श्रम करतात त्यांस श्रमाचा वाटा मिळावा, आणि जे वृद्ध, आजारी किंवा असहाय आहेत त्यांचा भार सर्वांनी वाहावा. चौथे तत्त्व असे की, खाजगी हक्क पवित्र असले तरी अमर्याद नव्हेत; लोकहिताच्या आड आल्यास त्यांस मुरड घालता येते. ही चारही तत्त्वे कागदावर निर्दोष दिसतात. मात्र त्यांच्या पाठीशी एक पाचवे तत्त्व नसेल, तर ती चारही फिरून उलटी होतात. ते पाचवे तत्त्व म्हणजे, जो निर्णय सर्वांवर बंधनकारक व्हावयाचा, तो घेण्यात सर्वांचा हात असला पाहिजे.

आपल्याकडे एकत्र कुटुंबपद्धती होती, तेव्हा समष्टिवाद येथे पूर्वापार चालत आला आहे, असे कित्येकांस वाटते. त्या पद्धतीचा शास्त्राधार असलेली 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य राजांच्या काळात लिहिली, आणि ते कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरहून फार दूर नाही. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. मिळकत सर्वांची, चूल एक आणि खर्च सामाईक. या व्यवस्थेने दुष्काळात व आजारपणात असंख्य कुटुंबे तारली, हे निर्विवाद आहे. पण तिच्यात प्रवेश होता तो जन्माने, निवडीने नव्हे. आणि कारभार चाले तो कर्त्याच्या आज्ञेने. मुलीला तर त्या जन्मसिद्ध हक्कात स्थानच नव्हते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्र सरकारने २००५ साली कायदा बदलला, तेव्हा कोठे कन्या ही पुत्राच्या बरोबरीची दायाद ठरली. तेव्हा एकत्र कुटुंब हा जिव्हाळ्याचा समूह खरा. परंतु समष्टिवाद या शब्दाने जो विचारपूर्वक स्वीकारलेला सिद्धान्त अभिप्रेत आहे, तो हा नव्हे.

तो सिद्धान्त एकोणिसाव्या शतकात युरोपातील कारखान्यांच्या धुरात जन्मास आला. यंत्रामुळे विणकराचा घरचा माग बंद पडला, आणि कालचा कारागीर आज मजूर होऊन गिरणीच्या दाराशी उभा राहिला. इंग्लंडात रॉबर्ट ओवेनने सामुदायिक वसाहतींचे प्रयोग मांडले. ते फार दिवस टिकले नाहीत. पण १८४४ सालच्या डिसेंबरात रॉचडेल गावी अठ्ठावीस कामकऱ्यांनी, ज्यांत विणकरांचा भरणा बराच होता, थोडीथोडी वर्गणी जमवून पीठ, लोणी, साखर असल्या जिनसांचे एक लहान दुकान उघडले. माल चोख द्यावयाचा, माप खरे ठेवावयाचे, नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांस वाटावयाचा, आणि भांडवल कोणाचे कितीही असो, मत प्रत्येकास एकच, असे त्यांचे नियम होते. जगातील सहकारी चळवळ या दुकानास आपले मूळपीठ मानते.

दुसरीकडे, कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या १८६९ सालच्या बाझल येथील अधिवेशनात जमीन समाजाच्या मालकीची करण्याचा ठराव झाला. आणि त्याच सुमारास तेथील वादांतून 'कलेक्टिव्हिझम' हा शब्द रूढ झाला. इंग्लंडात डायसीसारख्या कायदेपंडिताने १९०५ साली तोच शब्द वेगळ्या अर्थी योजिला. मालक व मजूर यांनी आपसात केलेल्या कराराच्या मध्ये सरकारने दुर्बलांच्या रक्षणासाठी पडावे, या प्रवृत्तीस त्याने ते नाव दिले. अशा रीतीने एकाच झाडास दोन मोठ्या फांद्या फुटल्या. एकीचे म्हणणे, समाजाच्या वतीने शासनाने मालकी घ्यावी. दुसरीचे म्हणणे, लोकांनी आपखुशीने मंडळी स्थापून मालकी आपल्याच हाती ठेवावी. पहिल्या मार्गाची अत्यंत टोकाची परिणती रशियात १९२९ नंतर दिसून आली. तेथे शेतकऱ्यांच्या जमिनी व गुरे सक्तीने सामुदायिक शेतात ओढण्यात आली, आणि १९३२–३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. मालकी समाजाची झाली होती. पण पिकातले किती धान्य घरात ठेवावे, हे ठरविण्याचा हक्क पिकविणाराला उरला नव्हता.

आता सोलापूरकडे वळावे. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळाच्या सुमारासच येथे शेठ मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग' ही कापडगिरणी चालू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या निघाल्या, तेव्हा या पहिल्या गिरणीस लोक 'जुनी गिरणी' म्हणू लागले. गावोगावचे शेतमजूर, कर्नाटकातील व तेलंगणातील विणकर, सर्व जातींचे व धर्मांचे लोक एका भोंग्याच्या हाकेवर चालू लागले. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच चाळीत ऐकू येत. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कारखान्यात घेण्याची बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. आज हा कायदा वाचताना अंगावर काटा येतो. पण मालकाच्या मर्जीपुढे समाजाने घातलेली ती पहिली मर्यादा होती. आणि डायसीच्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर समष्टिवादाने या देशात टाकलेले ते एक आरंभीचे पाऊल होय.

या संमिश्र वस्तीत समष्टीची भावना किती खोल रुजली होती, याचा प्रत्यय १९३० च्या मे महिन्यात आला. महात्मा गांधींना अटक झाल्याची वार्ता येताच शहरात हरताळ पडला, गिरणीकामगार रस्त्यावर आले, ८ मे रोजी गोळीबार झाला, आणि त्यानंतर सरकारी अंमल काही दिवस शहरातून जणू उठूनच गेला. ९, १० आणि ११ मे या तीन दिवशी नगराचा बंदोबस्त रामकृष्ण जाजू प्रभृती काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी व स्वयंसेवकांनी पाहिला. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे चौघे येरवड्यास फाशी गेले. चौघांच्या नावांवरूनच त्या ऐक्याची व्याप्ती ध्यानात येते. तथापि संकटात उसळून येणारे ऐक्य एक, आणि रोजच्या भाकरीची नित्य व्यवस्था दुसरी. तीन दिवस शहर सांभाळणाऱ्या लोकांस गिरणीच्या जमाखर्चाची वही मात्र पाहावयास मिळत नव्हती.

स्वराज्य दृष्टिपथात आले, तेव्हा हाच प्रश्न घटनेच्या रूपाने पुढे आला. १९४७ साली डॉ. आंबेडकरांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात त्यांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, विमा सरकारकडे असावा, आणि शेतजमीन सरकारने ताब्यात घेऊन गावकऱ्यांच्या गटांस सामुदायिक पद्धतीने कसण्यास द्यावी, अशी योजना मांडली. जात व धर्म न पाहता ही वाटणी व्हावी, असा त्यांचा कटाक्ष होता. मराठी मनुष्याने मांडलेली समष्टिवादाची ही सर्वांत रेखीव योजना म्हणावी लागेल. विशेष हे की, ती हुकूमशाहीच्या हाती न देता संसदीय लोकशाहीच्या व नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या चौकटीत बसविण्याचा त्यांचा आग्रह होता. घटना परिषदेने ती योजना स्वीकारली नाही. पुढे नोव्हेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी घटनेत 'समाजवादी' हा शब्द घालण्याची सूचना आणली, तेव्हा स्वतः आंबेडकरांनीच तिला विरोध केला. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असे त्यांचे म्हणणे. यात विसंगती नाही. समष्टीच्या नावाने निर्णय घ्यावयाचा तर तो जिवंत लोकांस बदलता आला पाहिजे, हाच त्याचा अर्थ. घटनेत राहिले ते एकोणचाळिसावे कलम. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हितास पोषक होईल अशी वाटली जावी, असे धोरण ठेवण्यास ते सरकारला सांगते.

घटना अमलात येण्यापूर्वीच सोलापुरात तिची कसोटी पाहणारी घटना घडून चुकली होती. २७ जुलै १९४९ रोजी जुन्या गिरणीच्या चालकांनी कामगारांस नोटीस दिली, आणि २७ ऑगस्टला गिरणीचे दरवाजे बंद झाले. हजारो माणसे एका दिवसात बेकार झाली. ज्या शहराचा बाजार पगाराच्या दिवसावर चालतो, त्या शहरात एवढी मोठी गिरणी बंद पडणे म्हणजे वाण्याची उधारी, मुलांची फी आणि घराचे भाडे या सर्वांवर एकदम घाला येणे होय. कापडाची त्या वेळी देशात टंचाई होती, ती वेगळीच. कारभार गैर झाला म्हणून उत्पादन थांबले आणि बेकारी ओढवली, असे कारण देऊन केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी केवळ या एका कंपनीसाठी वटहुकूम काढला; पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले. जुने संचालक दूर झाले, सरकारने नेमलेले संचालक आले. भागधारकांस आपले संचालक निवडता येईनात. त्यांनी केलेला ठराव सरकारच्या संमतीवाचून अमलात येईना. सरकारच्या परवानगीशिवाय कंपनी बुडविण्याचा अर्जही करता येईना.

या कायद्याविरुद्ध चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. देशातील इतक्या कंपन्या सोडून एकीसाठीच वेगळा कायदा कसा, आणि मोबदल्यावाचून मालमत्ता कशी घेतली, असे त्यांचे दोन मुख्य आक्षेप होते. ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन अशा मताने न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. बहुमताचे म्हणणे असे की, भाग अद्याप अर्जदाराचेच आहेत, नफा झाल्यास तो त्यासच मिळावयाचा आहे. तेव्हा त्याची मालमत्ता कोणी घेतली असे म्हणता येत नाही. कामगारांच्या बाजूने पाहणाऱ्यास हा निकाल न्यायाचा वाटला असल्यास नवल नाही.

परंतु प्रकरण येथे संपले नाही. सरकारने नेमलेल्या संचालकांनी अग्रहक्काच्या भागांवरील न भरलेली रक्कम, दर भागामागे पन्नास रुपये, भागधारकांकडून मागितली. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने ती देण्याचे नाकारून फिर्याद लावली. ज्या कंपनीच्या कारभारात आम्हांस चकार शब्द काढण्याची मुभा नाही, तिच्यासाठी आमच्याच खिशातून आणखी पैसा का मागता, असा त्या फिर्यादीचा रोख होता. मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांस यश आले नाही. पण १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वटहुकूम घटनाबाह्य ठरविला. मालकीचे नाव तेवढे भागधारकाकडे ठेवून तिचा सर्व उपभोग व अधिकार काढून घेणे, म्हणजे मोबदल्यावाचून मालमत्ता घेणेच होय, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ.

त्याचा परिणाम सोलापूरपुरता राहिला नाही. असले निर्णय आर्थिक सुधारणांच्या मार्गात अडथळा होतील असे मानून संसदेने १९५५ साली घटनेची चौथी दुरुस्ती केली. लोकहितासाठी किंवा कारभार नीट चालावा म्हणून एखाद्या मालमत्तेची व्यवस्था ठरावीक मुदतीपर्यंत सरकारने हाती घेतली, तर ती आता मूलभूत हक्काच्या नावाखाली रद्द होईना. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच वगळण्यात आला. सोलापूरच्या एका बंद दरवाजापासून निघालेला वाद अशा रीतीने भारताच्या घटनेच्या पानांपर्यंत जाऊन पोचला.

या वादात भागधारक व सरकार अशा दोन पक्षांचे म्हणणे न्यायालयापुढे सविस्तर मांडले गेले. ज्या कामगारांच्या नावाने वटहुकूम निघाला, त्यांस नव्या संचालक मंडळात जागा असावी की नाही, हा प्रश्न मात्र त्या खटल्याचा विषयच नव्हता. मालक बदलला, कामगाराची जागा होती तीच राहिली. १९७४ साली केंद्र सरकारने देशातील १०३ आजारी गिरण्या राष्ट्रीय मालकीच्या केल्या, तेव्हाही पुष्कळ ठिकाणी हाच अनुभव आला. सरकारी मालकीने काही काळ पगार चालू राहिले, हे तिचे श्रेय. परंतु जुनी यंत्रे, यंत्रमागांची चढाओढ आणि दुरून चालणारा कारभार यांपुढे त्यांतील अनेक गिरण्या टिकल्या नाहीत. सोलापुरातही नव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक जुन्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबले.

शासनाच्या मार्गाची ही कथा झाली. दुसरा मार्ग आपखुशीने एकत्र येण्याचा, म्हणजे सहकाराचा. त्यासाठी आपल्या देशात १९०४ साली कायदा झाला. महाराष्ट्रात या मार्गाचे सर्वांत मोठे उदाहरण अहमदनगर जिल्ह्यात लोणी येथे घडले. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. सोलापूरच्या सामाजिक व आर्थिक परिस्थितीची पाहणी करून तिच्यावर ग्रंथ लिहिणारे गाडगीळ ते हेच. १९५०–५१ च्या हंगामात, म्हणजे जुन्या गिरणीचा खटला दिल्लीत चालू असतानाच, प्रवरेचे गळीत सुरू झाले. कंपनीत ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक. सहकारी कारखान्यात दहा एकरवाल्यास एक मत आणि एक एकरवाल्यासही एकच मत. रॉचडेलच्या विणकरांचा नियम असा उसाच्या मळ्यात येऊन पोचला. पुढे सोलापूर जिल्ह्यात अकलूज आदी ठिकाणी साखर कारखाने निघाले, आणि उजनी धरणाचे पाणी आल्यावर त्यांची संख्या बरीच वाढली.

सहकाराचे दोष झाकण्याचे कारण नाही. कायदा होऊन जवळजवळ अर्धे शतक लोटल्यावर, १९५१–५२ साली, जी अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी झाली, तीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारा भाग शेकडा तीनच्या आसपास निघाला. बाकीचा बहुतेक भार सावकाराकडेच होता. हे पाहून सरकारने सहकारी संस्थांत भांडवल घालण्याचे धोरण पत्करले. त्यामुळे संस्था वाढल्या. पण सरकारचा पैसा आला की सरकारचा हातही येतो, आणि मागोमाग निवडणुकीचे राजकारणही येते. वार्षिक सभा पाच मिनिटांत उरकणे, अहवाल न वाचताच मंजूर होणे, नातलगांस कर्जे देणे, आणि अखेर संस्थेवर प्रशासक येणे, या गोष्टी वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांस नवीन नाहीत. मत प्रत्येकास असते. ते वापरण्याची सवय मात्र सर्वांस नसते. शिवाय उसाच्या भागधारकास कारखान्यात मत आहे, परंतु तोच ऊस तोडणाऱ्या मजुरास नाही. 'सर्व' म्हणजे कोण, हा महाडच्या तळ्यावरचा प्रश्न येथेही पुन्हा उभा राहतो.

तरीही सहकारी मार्गातील आशेची जागा पाहावयाची असेल, तर ती पुन्हा सोलापुरातच, आणि तीही अगदी गरीब वस्तीत दिसते. या शहरातील पद्मशाली विणकरांनी मागावर जी चादर विणली, तिने सोलापूरचे नाव देशभर नेले. त्याच समाजातील हजारो स्त्रिया विड्या वळून घर चालवितात. कारखान्यातून पाने व तंबाखू घरी आणावयाची, पाने कापून विड्या वळावयाच्या, आणि हजारी हिशेबाने त्या नेऊन द्यावयाच्या. प्रत्येक स्त्री आपल्या घरात एकटी काम करते. तिला ना यंत्राचा खडखडाट ऐकू येतो, ना शेजारणीची मजुरी कळते. एकत्र येण्यास याहून अवघड धंदा क्वचितच असेल. तथापि नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली या स्त्रियांची संघटना झाली, आणि तिच्यातून गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. खर्चाचा काही भाग केंद्र सरकारचा, काही राज्य सरकारचा आणि काही स्वतः विडी कामगार स्त्रियांचा, अशी विभागणी ठरली. शहरालगत कुंभारी येथे सुमारे दहा हजार घरांची वसाहत बांधण्यात आली, आणि १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे कामगारांच्या स्वाधीन झाली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर या नावाने तीस हजार घरांची योजना निघाली. तिच्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. चळवळीचा पुढारी एका पक्षाचा, आणि दोन वेळचे पंतप्रधान दोन वेगळ्या पक्षांचे. तरी काम तडीस गेले.

ते तडीस का गेले, याचा विचार बोधप्रद आहे. जुन्या गिरणीत सरकार मालकाच्या जागी येऊन बसले, आणि कामगार बाहेर राहिला. येथे सरकारने पैसा दिला, पण घर मागणारी, वर्गणी भरणारी, मोर्चात चालणारी आणि शेवटी किल्ली हातात घेणारी व्यक्ती एकच होती. समष्टीने तिला गिळले नाही, तर समष्टीच्या बळावर तिला स्वतःचे असे काही मिळाले. सामुदायिक प्रयत्नाचे फळ खाजगी उंबरठा असू शकते, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या कट्टर अनुयायांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

न्यायालयांतही हा विचार थांबलेला नाही. मुंबईतील जुन्या मोडकळीस आलेल्या चाळींसंबंधी महाराष्ट्राने १९८६ साली असा कायदा केला की, शेकडा सत्तर रहिवाशांनी मागणी केल्यास सरकारने मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकास देऊन ती इमारत रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी घ्यावी. घरमालकांच्या संघटनेने त्यास हरकत घेतली. त्यातून निघालेल्या मोठ्या प्रश्नाचा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने दिला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही एकोणचाळिसाव्या कलमातील 'समाजाची साधनसंपत्ती' ठरत नाही. काही मालमत्ता तशी ठरू शकते, पण तिचे स्वरूप, तिची दुर्मीळता आणि तिचा लोकांच्या हितावर होणारा परिणाम पाहून ते ठरवावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे १९५० साली सोलापुरातून दिल्लीस गेलेला प्रश्न पाऊण शतकानंतरही पूर्ण मिटला नाही. आणि तो एकदाचा मिटेल असा प्रश्नही नव्हे. गिरणी ही मालकाची मालमत्ता असते, आणि शहराचे अन्नही तीच असते. या दोन सत्यांपैकी एकाचा सोयीस्कर विसर पडला, की अन्याय सुरू होतो.

व्यष्टी मोठी की समष्टी मोठी, हा वाद पुस्तकात रंगतो. व्यवहारात त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत शोधावे लागते. ती वही कोण लिहितो, ती कोणास पाहता येते, आणि तीत चूक आढळल्यास लिहिणारास दूर करण्याचा अधिकार कोणास आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे ती संस्था सर्वांची आहे की केवळ सर्वांच्या नावावर चालली आहे, हे कळून येते. शहरातील सुशिक्षित कुटुंबे आज सहकारी गृहसंस्थेत राहतात, सहकारी बँकेत ठेवी ठेवतात, सहकारी दुधाची पिशवी दारात घेतात. समष्टिवाद हा त्यांच्या दृष्टीने परदेशातील ग्रंथांचा विषय राहिलेला नाही. तो त्यांच्या जिन्यावरील सूचनाफलकावर, वार्षिक सभेच्या नोटिशीच्या रूपाने लावलेला असतो. त्या सभेस किती जण जातात, आणि गेल्यावर अहवाल उघडून किती जण वाचतात, यावर त्या तत्त्वांचे भवितव्य अवलंबून आहे. सिद्धेश्वराच्या तळ्याचा गाळही वेळोवेळी काढावा लागतो, आणि त्या कामास पुष्कळ हात लागतात.